जवळून पाहणे



दिवंगत गुरुजींच्या स्मरणार्थ योजिलेल्या या व्याख्यानात, आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने फुलपाखरांच्या व पतंगांच्या छायाचित्रणावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु शब्द काय आणि कीटक काय, दोघांनाही जवळून पाहणारा डोळा लागतो.

बालाघाट, गोंदिया, भंडारा या आपल्या पट्ट्यात कोसा कोणास ठाऊक नाही? ऐनाच्या (किरनापुरात त्याला साजा म्हणतात) आणि अर्जुनाच्या पानांवर टसरची अळी वाढते व देठाने फांदीला लटकणारा टणक कोश विणते. त्याचे वस्त्र आपण मंगलकार्यात नेसतो. मात्र त्या कोशातील पतंग किती जणांनी पाहिला आहे? धागा अखंड मिळावा म्हणून बहुतेक कोश पतंग निघण्यापूर्वीच उष्णता देऊन शिजविले जातात. बीजासाठी राखलेल्या कोशांतून जो बाहेर येतो, त्यास अन्न घेण्याजोगे मुखच नसते. अळीपणीच्या साठ्यावर तो जेमतेम काही दिवस जगतो. कॅमेरा जवळ नेला म्हणजे त्याच्या चारही पंखांवरील पारदर्शक गवाक्षे दिसतात आणि नराच्या पिसांसारख्या रुंद शृंगिकाही. त्यांच्याच साह्याने तो अंधारात मादीचा गंध हेरतो.

इतक्या जवळून चित्र घेताना स्पष्टता एखाद्या मिलिमीटरात सामावलेली असते. हात किंचित हलला तरी डोळा पुसट होतो. म्हणून फुलपाखरांसाठी जाणकार पहाटे निघतात. गारव्याने त्यांचे अंग आखडलेले असते, ऊन लागेपर्यंत ती सहसा उडत नाहीत. काही जण कीटकाला शीतपेटीत ठेवून निश्चल करतात. ते मला मान्य नाही. असे चित्र देखणे असेल. पण त्यात त्या जीवाची रीत नसते.

२०१५ साली महाराष्ट्राने ब्ल्यू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि 'राणी पाकोळी' हे नाव लोकांच्या ओठी आले. आपल्या धानाच्या बांधीजवळ सायंकाळी उडणारे तपकिरी फुलपाखरू पाहा. पावसाळ्यात त्याच्या मिटलेल्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असतात. कोरड्या ऋतूत जन्मणाऱ्या पिढीच्या पंखांवर वाळल्या पानाचा रंग येतो. त्याला तुमच्या घरी काय म्हणतात?

विद्यार्थ्यांनो, आज अनेक घरांत कॅमेरा असलेला फोन आहे. चित्र अवश्य घ्या; पण त्याखाली दिवस, झाड आणि आजीने सांगितलेले नाव लिहा. वही भरली, तर या मातीतील पुष्कळ शब्द वाचतील. गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी थांबतो.