चपला कोण सांभाळणार?



परदेशातला एखादा अनुभव सांग, असा संयोजकांचा आग्रह होता. मुलगी बार्सिलोनाला नोकरीला आहे, म्हणून गेल्या जुलैत महिनाभर तिच्याकडे होते. पाहिलं पुष्कळ, पण सांगणार आहे ते एका चौपाटीवरच्या दिवसाबद्दल.

मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने आम्ही नोवा इकारियाच्या किनाऱ्यावर गेलो. भूमध्य समुद्राचा हा सार्वजनिक किनारा. तिकीट नाही, फाटक नाही. अकरा वाजेपर्यंत वाळूवर टॉवेल पसरायला जागा राहिली नाही. तान्ही बाळं, पत्ते कुटणारे आजोबा, सगळे एकत्र. पाणी आपल्या समुद्राहून खारट. भरती-ओहोटी इतकी थोडी, की पाण्याजवळ ठेवलेली पिशवी संध्याकाळीही कोरडीच! कोकणात हे धाडस कुणी करू नये.

एके काळी या शहराचा समुद्र रेल्वेचे रूळ आणि कारखाने यांच्यामागे दडलेला होता. १९९२च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने तो भाग मोकळा केला. ऑलिंपिकनंतर त्याच वर्षी सप्टेंबरात तिथे पॅरालिंपिकही झालं.

दुपारी पाहते तर वाळूवरून लाकडी फळ्यांची वाट थेट पाण्याकडे गेलेली. तिथे फुग्यासारख्या जाड चाकांची, पाण्यावर तरंगणारी खुर्ची होती. दोन तरुण मदतनीस एका वयस्क बाईंना त्या खुर्चीत बसवून समुद्रात नेत होते. महापालिकेची ही उन्हाळ्यातली नेहमीची सोय. आजूबाजूच्या कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. पहिली लाट अंगावर आली तशा त्या बाई मोठ्याने हसल्या. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं.

आपली नववीची गणपतीपुळ्याची सहल आठवते? पाण्यात शिरायच्या आधी कुणीतरी विचारलं, “चपला कोण सांभाळणार?” आणि आपण सगळ्यांनी एका सुरात एकच नाव घेतलं. वाळूत त्याच्या कुबड्या रुतत होत्या. आपण दोन तास डुंबलो. परत आलो, तर त्याने सगळ्या चपलांच्या जोड्या नीट लावून ठेवल्या होत्या. आपण त्याला शाबासकी दिली!

त्याची परवानगी घेऊनच हे सांगते आहे. त्या रात्री मी बार्सिलोनाहून त्याला फोन केला, माफी मागितली. तो हसून म्हणाला, “अगं, एक्केचाळीस जोड होते, मला अजून आठवतंय. फक्त पाणी कसं होतं, ते कुणी सांगितलं नाही.”

मित्रांनो, आपण वाईट नव्हतो. त्यालाही पाण्यात यायचं असेल, हे आपल्याला सुचलंच नाही. आणि अजूनही सुचत नाही. मघाशी त्याचं नाव पुकारलं, तेव्हा त्याने खालूनच माईक मागितला, कारण या व्यासपीठाला पाच पायऱ्या आहेत. त्यांतली एकही आपल्यापैकी कुणाला दिसली नव्हती.

आपल्या बॅचचा निधी कशासाठी वापरायचा, याची चर्चा दुपारी आहे. माझी सूचना एकच: या पायऱ्यांशेजारी एक उतार बांधू या. पुढच्या मेळाव्यात तो वर येऊन बोलेल.

आणि डिसेंबरात गणपतीपुळ्याला जायचं ठरतंय. या वेळी चपला मी सांभाळीन.