कारण विचारणारे आगरकर



गोपाळ गणेश आगरकरांच्या विचारांवरील या संमेलनात स्वागत समिती सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते. पाहुणे आले आहेत ते वाचनालयांच्या मुलखात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. आणि २०१७ मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले ते डोंबिवलीत.

आगरकरांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी, गरीब घरात. मिल आणि स्पेन्सर हे व्हिक्टोरिया राणीच्या काळातले इंग्रज विचारवंत त्यांनी नुसते वाचले नाहीत, पचवले. एम.ए. होऊनही सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून ते शिक्षक झाले आणि १८८१ मध्ये 'केसरी'चे पहिले संपादक. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात सहकारी टिळकांबरोबर त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि १८८८ मध्ये आगरकरांचा 'सुधारक' निघाला.

या पत्राने रूढीला कारण विचारले. विधवेचे केशवपन कशासाठी? मुलामुलींना एकच शिक्षण, तेही एकत्र, का देऊ नये? स्त्रियांनी जाकीट घालण्याचा मुद्दाही त्यांनी क्षुल्लक मानला नाही. त्यावर स्वतंत्र लेख लिहिला.

आगरकरांनी हाताळलेला बालविवाहाचा प्रश्न तर कल्याणच्या घरातलाच होता. इथल्या जोशांची यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदीबाई झाली, चौदाव्या वर्षी आई झाली आणि तिचे बाळ दहा दिवसांत गेले. तीच मुलगी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली. पुढच्याच वर्षी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, क्षयाने तिचा पुण्यात अंत झाला.

आगरकरांना 'सुधारक'मधल्या लेखनाची किंमत मोजावी लागली. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्याने शरीर पोखरले होते, तरी ते लिहीत राहिले. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, गेले.

प्रश्न विचारणे हीच आगरकरांची रीत होती, म्हणूनच प्रत्येक परिसंवादात श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे. जातीबाहेरचे लग्न, विधवेचा मान, मुलीचा वारसाहक्क हे विषय ठाणे-डोंबिवलीच्या घराघरांत आजही निघतात. प्रतिनिधींनी ते इथे मोकळेपणाने मांडावेत. ज्यांना आगरकर पटत नाहीत त्यांनी तर आवर्जून बोलावे. पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत करून स्वागत समिती अध्यक्षांना संमेलनाची सूत्रे हाती घेण्याची विनंती करते.