खेळाचे नियम आणि खेळणारे

सोंगट्या असोत, गंजिफा असोत किंवा बुद्धिबळें असोत, खेळ म्हटला कीं त्याचे नियम आलेच. परंतु हे नियम कोणीं केले, आणि करतांना त्याला किती वेळां ते मोडावे लागले, हा प्रश्न खेळणाराच्या मनांत सहसा येत नाहीं. नदींतला गोटा जसा प्रवाहानें घडतो, तसा जुना खेळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनीं घडलेला असतो. तो मुळांत खडबडीत होता याची कोणालाच आठवण नसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मात्र अमेरिकेंत एक असा खेळ निपजला, कीं त्याची ही सारी घडण अवघ्या पांच वर्षांत, खेळणारांच्या डोळ्यांदेखत झाली. नियम कसा जन्मतो व कशावर टिकतो, हें त्या हकीकतींत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच दुसरीकडे दिसेल.

ह्या प्रकारास भूमिका-खेळ म्हणतात. चारपांच जण मेजाभोंवतीं बसतात. प्रत्येकानें एकेका कल्पित मनुष्याची भूमिका घ्यावयाची: कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक. एक जण पंच. तो सांगतो, “समोर दार आहे, तें बंद आहे, आणि आंतून पावलांचा आवाज येतो आहे.” आपण पुढें काय करतों तें खेळाडूनें सांगावयाचें, आणि तें साधतें कीं नाहीं हें पंचानें नियमांच्या व फांशांच्या आधारें ठरवावयाचें. बुद्धिबळांत घोड्यानें अडीच घरांपलीकडे जाऊं नये असें बंधन आहे. येथें मात्र खेळाडूच्या इच्छेला सीमाच नाहीं. तो दार फोडील, त्याला कान लावील, किंवा आल्या वाटेनें परत जाईल. ज्याचें पुढचें पाऊल आधीं सांगतां येत नाहीं, त्याच्यासाठीं नियम करावयाचे कसे, हीच नियमकर्त्याची खरी अडचण होय.

ही अडचण मोठी जुनी आहे. १८२४ सालीं प्रशियाच्या तोफखान्यांतील रायस्वित्झ नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें आपल्या वडिलांच्या कल्पनेस नवें रूप देऊन युद्धखेळाचे नियम छापले. नकाशावर पलटणी मांडावयाच्या, दोन्ही पक्षांनीं आपापले हुकूम पंचाकडे द्यावयाचे, आणि कोणाची किती हानि झाली तें पंचानें फांसे टाकून व कोष्टकें पाहून ठरवावयाचें, अशी त्याची रीति होती. लष्करानें हा खेळ शिक्षणासाठीं स्वीकारला. परंतु कोष्टकांच्या ओझ्यामुळें खेळ संथ होई. म्हणून १८७६ सालीं व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ ह्या सेनाधिकाऱ्यानें असें प्रतिपादिलें, कीं कोष्टकें बाजूस सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच खेळ चालवावा. एका टोकास लिखित नियम आणि दुसऱ्या टोकास पंचाची विवेकबुद्धि; ह्या दोहोंमधील अंतर कोठें तोडावयाचें, हा वाद तेव्हांपासून चालत आला.

१९६९ सालीं अमेरिकेंतील मिनिआपोलिस व सेंट पॉल ह्या जुळ्या शहरांत डेव्हिड वेस्ली नांवाच्या तरुणानें आपल्या युद्धखेळी मित्रांसाठीं एक नवी लढाई रचली. नेपोलियनच्या काळांतील ब्राउनश्टाइन नांवाचें कल्पित जर्मन गांव, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनीं येणारीं सैन्यें. सेनापतींखेरीज इतरांसहि त्यानें भूमिका दिल्या: कोणी नगराध्यक्ष, कोणी पेढीवाला, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. एकेकास जवळ बोलावून त्याचा डाव ऐकावयाचा, असा त्याचा बेत होता. पण थांबून राहिलेले खेळाडू स्वस्थ बसेनात. ते आपसांत मसलती करूं लागले, एकमेकांना फसवूं लागले; दोघे तर आमचें द्वंद्वयुद्ध ठरलें आहे असें सांगत पंचापुढें आले. द्वंद्वयुद्धाचा नियम कोठेंच नव्हता. तो वेस्लीला जागच्या जागीं करावा लागला. सैन्यांची लढाई राहिली बाजूलाच. आपला प्रयोग पार फसला अशी वेस्लीची समजूत झाली. खेळाडू मात्र विचारूं लागले, कीं पुन्हां केव्हां?

ही गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. रचनाकारानें जें मोजावयाचें ठरविलें होतें तें फसलें. जें त्यानें मोजलेंच नव्हतें तें साधलें. पुढच्या खेपांस त्यानें गोंधळ आंवरण्यासाठीं बंधनें घट्ट केलीं, तेव्हां खेळ रंगेना. बंधनें पुन्हां सैल केलीं तेव्हां रंगला. खेळाचा जीव कोठें आहे हें खेळणारांनीं दाखवून दिलें होतें.

त्या खेळाडूंपैकीं एक डेव्ह आर्नेसन. १९७१ सालीं त्यानें ब्लॅकमूर नांवाचा कल्पित मुलूख, तेथील गढी आणि तिच्याखालचीं तळघरें रचलीं. झुंजींसाठीं त्यानें प्रथम ‘चेनमेल’ ह्या त्याच वर्षीं निघालेल्या नियमपुस्तकाचा आधार घेतला. तें पुस्तक सैन्यांच्या लढाईसाठीं होतें. त्यांत वार लागला कीं शिपाई मेला. शंभर शिपायांत एक गेला तर सेनापतीला त्याचें कांहीं वाटत नाहीं. पण ज्यानें कित्येक रात्री एकाच मनुष्याची भूमिका जपली, त्याला तो एका फांशानें गमावणें रुचेना. आर्नेसननें ती तक्रार ऐकली, आणि आरमारी युद्धखेळांत जहाज जसे कांहीं तडाखे सोसून मग बुडतें, तशी सोसण्याची शक्ति प्रत्येक पात्रास दिली. नियम एका खेळांतून दुसऱ्यांत आला. पण त्याला बोलावणें धाडलें तें खेळणारांच्या नाराजीनें.

अर्थात् प्रत्येक दुरुस्ती नवा हिशेब मागते. समजा, वार लागण्यास वीस पैलूंच्या फांशावर ११ वा अधिक पडावे लागतात, म्हणजे निम्मे वार फुकट जातात. शत्रूस सहा वार सोसण्याची शक्ति दिली, तर त्याला पाडण्यास सरासरीनें १२ वेळां फांसा टाकावा लागेल. असे चार शत्रु असले तर ४८ वेळां. कागदावर हा नियम न्याय्य दिसतो. पण मेजावर अर्धा तास नुसता फांसा खुळखुळतो आणि एकादा खेळाडू जांभई देतो. ती जांभई कोणत्याहि कोष्टकांत लिहिलेली नसते.

फांशांची निवडहि तशीच. साधे तीन फांसे २१६ प्रकारांनीं पडतात. त्यांत बेरीज १० येण्याचे प्रकार २७ आणि ११ येण्याचेहि २७. पण ३ किंवा १८ येण्याचा प्रकार प्रत्येकीं एकच. म्हणून पात्राचें बळ वा बुद्धि ठरविण्यास तीन फांसे योग्य. बहुतेक माणसें मध्यम निपजतात, अचाट क्वचितच. वीस पैलूंच्या फांशावर मात्र प्रत्येक आंकडा शंभरांत पांच वेळां येतो. तेथें दैव मोकळें सुटतें. असे अनेक पैलूंचे फांसे ह्या खेळांत आले ते शाळांना साहित्य पुरविणाऱ्या व्यापाऱ्याच्या यादींतून.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसननें विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा ह्या गांवीं जाऊन गॅरी गायगॅक्स ह्यास हा खेळ दाखविला. गायगॅक्स हा ‘चेनमेल’च्या दोघां कर्त्यांपैकीं एक. आर्नेसनचे नियम बरेचसे त्याच्या डोक्यांत व कांहीं टिपणांत होते. गायगॅक्सनें ते लिहून काढले, आपल्या मुलांना व शेजारच्या मित्रांना घेऊन खेळून पाहिले, बदलले, पुन्हां लिहिले, आणि हस्तलिखिताच्या प्रती गांवोगांवच्या खेळगड्यांकडे पारखण्यास धाडल्या. १९७४ च्या जानेवारींत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या नांवानें तीन पुस्तिकांची पेटी निघाली. पहिल्या प्रती १,००० होत्या. त्या वर्षभराच्या आंतच संपल्या.

पण खरी परीक्षा येथेंच सुरू झाली. कर्ता मेजापाशीं असतो तोंवर वाईट नियमहि चालून जातो; अडलें कीं तो सांगतो आणि गाडें पुढें सरकतें. पुस्तक दूरच्या गांवीं गेलें, कीं त्याला तोंड नसतें. ह्या पुस्तिकांत पुष्कळ गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या; त्यामुळें ठिकठिकाणचे वाचक आपापल्या परीनें अर्थ लावूं लागले. ॲरिझोनांतील फीनिक्स येथील केन सेंट आंद्रे ह्यानें त्या वाचल्या. कल्पना आवडली, नियम क्लिष्ट वाटले. तेव्हां त्यानें साध्या फांशांवर चालणारे आपले घरगुती नियम लिहिले आणि १९७५ सालीं ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ म्हणून छापले. पहिल्या प्रती अवघ्या १०० होत्या. तेव्हांपासून आपापल्या घरीं असे नियम रचणारांची परंपरा अखंड चालत आली आहे.

ह्या हकीकतीवरून नव्या रचनाकारास तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, नियम मित्रांत खेळून झाले कीं ते अनोळखी मंडळीच्या हातीं द्यावे, आणि आपण कोपऱ्यांत बसून तोंड मिटावें. समजावून सांगण्याचा मोह जेथें जेथें होईल, तेथें तेथें आपलें लिखाण अपुरें आहे अशी खूण करावी. दुसरी, एका वेळीं एकच नियम बदलावा. चार औषधें एकदम दिलीं तर गुण कोणाचा आला हें वैद्यालाहि कळत नाहीं. तिसरी, खेळाडू ‘येथें दुखतें’ म्हणाला तर तें निमूटपणें मानावें. पण ‘हें औषध द्या’ म्हणाला तर विचार करावा. आर्नेसनच्या खेळाडूंनीं मरणाची तक्रार केली. मरण काढूनच टाकलें असतें, तर खेळांतली धडधडहि गेली असती. त्यानें मरण ठेवलें, फक्त तें एका फांशावरून कांहीं फांशांवर नेलें.

पुढें श्रेय कोणाचें यावरून आर्नेसननें १९७९ सालीं न्यायालयांत दावा लावला, आणि तो १९८१ सालीं आपसांत मिटला. ज्यानें खेळविलें तो मोठा कीं ज्यानें लिहिलें तो मोठा, हें कोणी कसेंहि ठरवो. त्या पुस्तिकांच्या जडणघडणींत अशा कित्येक मंडळींचा वांटा आहे, ज्यांनीं ना नियम केला, ना अक्षर लिहिलें. त्यांनीं एवढेंच केलें, कीं मन लावून खेळ खेळला, आणि जेथें मन लागेना तेथें तसें स्पष्ट सांगितलें.