ऑपरेशननंतरचे गाणे



आज मी दुखण्यावर बोलणार आहे. पण भिऊ नका, गोष्ट गाण्याची आहे.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या वहिनींचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. भूल उतरली, तसे टाके ठणकू लागले. रात्र झाली. शेजारच्या खाटेवरची बाई कण्हत होती. ते ऐकून वहिनींना वाटे, आता आपले काही खरे नाही. भीतीने अंग आखडे. अंग आखडले की टाके ओढत. दुखले की पुन्हा भीती. रहाटगाडगेच ते!

त्यांच्या मुलाने मोबाईलवर भजन लावले. कानात इअरफोन दिले. वहिनी म्हणाल्या, "अरे, भजन नको. माझी निरोपाची तयारी चालली आहे असे वाटते. लावणी लाव!" लावणी ऐकत ऐकत त्या पहाटे झोपी गेल्या.

तुम्ही म्हणाल, हे एका बाईचे झाले. तसे नाही. अमेरिकेत इव्हान केन नावाचे सर्जन होते. रोग्याची भीती जावी म्हणून त्यांनी ऑपरेशनच्या खोलीत फोनोग्राफ ठेवला. त्यांनी १९१४ साली तसे लिहून छापले आहे. पुढे २०१५ साली लंडनच्या संशोधकांनी ७३ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत सुमारे ७,००० रोगी होते. ज्यांना गाणे ऐकवले, त्यांचे दुखणे कमी झाले, भीती कमी झाली. दुखणे थांबवणारे औषधही कमी लागले. मात्र घरी लवकर सोडले, असे काही दिसले नाही. गाणे कोणते, याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे वहिनींची लावणीही चालली!

हे होते कसे? मन गाण्यात गुंतते. श्वास सावकाश होतो, अंग सैल पडते. आपल्या आया जात्यावर ओव्या का म्हणत? हात दुखत, पण दळण सरे.

आता महत्त्वाचे सांगतो. दुसऱ्या दिवशी वहिनींनी गोळी घेतली नाही. म्हणाल्या, "गाणे आहे ना!" दुपारी पोट इतके दुखू लागले की त्या खोकला दाबू लागल्या. सिस्टर रागावल्या. म्हणाल्या, "मावशी, दुखते म्हणून नीट श्वास घेतला नाही, खोकला काढला नाही, तर छातीत कफ साचतो. गोळी घ्या आणि गाणेही ऐका." ताप आला, जखमेतून पू आला, दुखणे वाढत चालले, तर डॉक्टरांना लगेच सांगायचे. तिथे गाणे कामाचे नाही.

आणि हो, गाणे रोग्याच्या आवडीचे लावा, आपल्या नव्हे. त्याने नको म्हटले तर बंद करा.

तिसऱ्या रात्री शेजारची बाई म्हणाली, "काय ऐकता हो रोज? मलाही ऐकू द्या." वहिनींनी इअरफोन काढले, आवाज बारीक केला आणि मोबाईल दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर ठेवला.