सरखेल कान्होजी: मृत्यूनंतरची हार

मारतहळ्ळीला समुद्र नाही. गाज आहे ती रिंग रोडवरच्या वाहनांची. तरी आज तुम्हाला अलिबागला नेतो, सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या समाधीपाशी.

मुंबईचे इंग्रज त्यांना चाचा म्हणत. का? तर कोकणच्या समुद्रात व्यापार करायचा असेल तर आमचे दस्तक घ्या, असे ते बजावत. पोर्तुगीजही असेच परवाने विकत. त्यांनी पैसे घेतले तर तो कायदा, आंग्र्यांनी घेतले की चाचेगिरी!

१७१८ मध्ये इंग्रज खांदेरीवर चालून आले आणि हात हलवत परतले. १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. तेव्हा बाजीराव पेशवे घोडदळ घेऊन कान्होजींच्या मदतीला उतरले. तोही हल्ला फसला.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. पुढे मुलांत भाऊबंदकी माजली. तुळाजी तर पेशव्यांना जुमानेनात. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांशीच हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजींचे आरमार जळाले. तुळाजी कैदेतच वारले.

शाळेत मी कान्होजींचे विजय पाठ केले होते. ही आग मात्र मला फार उशिरा कळली. १७२१ मध्ये घोडदळाने आरमार वाचवले होते. ३५ वर्षांनी आपणच परक्याला बंदरात आणले. जे इंग्रजांना कान्होजींच्या हयातीत जमले नाही, ते आपल्या भांडणाने त्यांना मिळवून दिले.

अलिबागला गेलात, तर समाधीपाशी घटकाभर थांबा.