खजिनदाराची नर्मदा परिक्रमा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणावरून)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, परिक्रमेवर दहा मिनिटं बोला, पण हिशेब वाचून दाखवू नका." अकरा वर्षं तुमचा खजिनदार होतो, त्यामुळे थोडा हिशेब येणारच.

पहिला हिशेब सोपा. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत नर्मदा १३१२ किलोमीटर. एका काठाने जायचं, दुसऱ्या काठाने यायचं, म्हणजे अडीच हजारांच्या वर. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. मी कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून दक्षिण काठाने निघालो. तिथलं मंदिर बेटावर. समोर दिसतं, पण परिक्रमा पुरी होईपर्यंत तिकडे जायचं नाही.

वय ६३, पाठीवर सॅक, हातात काठी. घरून विचारणा झाली होती, "एकटेच का?" मी म्हटलं, "कोणाची अडचण नको आणि कोणाचे उपकार नकोत."

उपकार नकोत ही गोष्ट पहिल्याच संध्याकाळी संपली. "नर्मदे हर" म्हटलं की कोणीही ओसरीवर बसवतं. कुठे तयार जेवण, कुठे सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ मिळतात, आपण रांधायचं. परिक्रमावासीकडून पैसे घेत नाहीत. माझा जीव कासावीस व्हायचा. मग मी डायरी घातली. तारीख, गाव, काय खाल्लं, अंदाजे रक्कम. घरी गेल्यावर सगळ्यांना पैसे पाठवून खातं बंद करायचं, असं ठरवलं.

बडवानीनंतर शूलपाणीची झाडी लागते. पूर्वी तिथे परिक्रमावासींना लुटत असत. सरदार सरोवराच्या पाण्यात काठची जुनी वाट बुडाली, आता डोंगर चढत-उतरत जावं लागतं. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात, एका पाड्यावर मला सडकून ताप भरला. एका म्हाताऱ्या माउलीने झोपडीतली एकुलती एक खाट मला दिली आणि स्वतः चुलीपाशी निजली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर ती रिकामं टोपलं घेऊन खालच्या झोपडीकडे निघाली होती. परत आली ती टोपल्यात मक्याचं पीठ घेऊन. माझ्या भाकरीसाठी तिने उसनं पीठ आणलं होतं.

मी पाचशेची नोट पुढे केली. तिने माझा हात बाजूला सारला आणि तवा चुलीवर ठेवला.

डायरी उघडली. तारीख लिहिली, पाड्याचं नाव लिहिलं, आणि पेन थांबलं. कारण त्या क्षणी मला आपल्या सोसायटीचा नोटीस बोर्ड आठवला.

जुन्या लोकांना आठवत असेल. मी खजिनदार असताना थकबाकीदारांची यादी बोर्डावर लावायला सुरुवात केली. लिफ्टच्या शेजारी, ठळक अक्षरात. एक नाव त्यात सलग आठ महिने होतं. ते आज सांगत नाही. उपविधीत बसेल तेवढं, २१ टक्के व्याज लावलं. त्यांची मुलगी रोज त्या बोर्डासमोरून शाळेत जायची. पुढे त्यांनी फ्लॅट विकला, व्याजासकट सगळी बाकी चुकती केली आणि गेले. माझा ताळेबंद चोख! त्यांची नोकरी गेली होती, हे मला नंतर कळलं. दार वाजवून विचारलं असतं, तर आधीच कळलं असतं. एकाच मजल्यावर राहत होतो आम्ही.

तिथून पुढे चार महिने चाललो. विमलेश्वरला भरतीची वाट बघून दाटीवाटीने नावेत बसलो, समुद्रातून मिठी तलाईला उतरलो, उत्तर काठाने अमरकंटकला गेलो, परत ओंकारेश्वरला आलो. पण डायरीत रक्कम पुन्हा लिहिली नाही. वाढलेलं खाल्लं, हात जोडले आणि पुढे निघालो. ६३ व्या वर्षी घ्यायला शिकलो म्हणा ना.

परत आल्यावर त्या गृहस्थांकडे गेलो. माफी मागितली. ते अजिबात रागावले नाहीत, चहा पाजला. मला ते जास्त लागलं. आजच्या कार्यक्रमाचं आमंत्रणही स्वतः नेऊन दिलं. "बघू," म्हणाले. मघापासून मी मागच्या खुर्च्यांकडे बघतोय. आलेले दिसत नाहीत.

मेंटेनन्स वेळेवर भरायलाच हवा, त्याशिवाय पंप चालत नाही. पण नव्या कमिटीला एवढंच सांगतो की बोर्डावर नाव लावण्याआधी एकदा दार वाजवा. चहा मिळाला तर घ्या.

ती डायरी माझ्याकडे आहे. पाड्याच्या नावापुढचा रकाना अजून कोराच आहे.

नर्मदे हर!