थ्री नॉट थ्री आणि आमच्या मुली

कुडाळच्या आमच्या गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाली, "चेडू म्हणता, एनसीसीत जातंय. पण चेडवाच्या हातात बंदूक कित्याक?" आम्ही सगळ्याच गप्प झालो. मग कॉलेजातल्या मुलींनाच विचारलं.

एनसीसी १९४८ साली सुरू झाली, मुलींसाठी १९४९ मध्ये. कवायतीला वर्षानुवर्षं थ्री नॉट थ्री रायफल वापरली गेली. तिचं घराणं १८९५ चं, दोन्ही महायुद्धं पाहिलेलं. वजन सुमारे चार किलो, म्हणजे पाण्याच्या लहान कळशीएवढं! नेमबाजी मात्र लहान पॉइंट टू टू रायफलीने शिकवतात. दर गोळीला हाताने बोल्ट ओढायचा. घाई चालतच नाही.

मुली म्हणाल्या, पहिला धडा गोळी मारायचा नसतो. रायफल रिकामी आहे ना, ते आधी पाहायचं. नळी माणसाकडे कधीच वळवायची नाही. हुकूम होईपर्यंत घोड्यावर बोट नाही.

पदवी आणि चांगल्या श्रेणीचं 'सी' प्रमाणपत्र असेल, तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी मुलीही लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीसाठी अर्ज करू शकतात.

त्या ताईने फॉर्मवर सही केली. आता आपण आपल्या मुलींना विचारूया.